आपल्याला लागू पडणारी एए मीटिंग : काही महिन्यांचा अनुभव

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला नुसते ‘एए’ म्हणतात त्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगना नियमित जातो आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या निरनिराळ्या ग्रुपमध्ये बसून पाहिल्यावर त्यांपैकी एक मला आपला वाटू लागला. केंद्रातून निघताना ‘एए सोडू नका’ असे प्रत्येकाला बजावले जाते, पण कुठल्या ग्रुपला जावे हे ज्याचे त्याला शोधावे लागते. नुकतेच बाहेर पडलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

माझे ठाम मत असे झाले आहे की मीटिंग निवडताना सर्वांत आधी तिची वेळ पाहावी. मी एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि माझे पिणे पहिली पाळी संपल्यावर, दिवेलागणीनंतरच्या दोन तासांत होत असे. रविवारी सकाळी भरणारा एक ग्रुप अतिशय चांगला होता. तिथे वर्षानुवर्षे सोबर, म्हणजे दारूपासून दूर असलेली माणसे होती आणि त्यांचे शेअरिंग ऐकताना मन भरून येई, परंतु सोमवारी संध्याकाळी तलफ उसळली की त्या भरलेल्या मनाचा काहीही आधार उरत नसे. याउलट साध्यासुध्या लोकांचा, महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात भरणारा संध्याकाळचा ग्रुप मला टिकवून धरतो, कारण ज्या वेळी मी गुत्त्यावर असायचो नेमक्या त्याच वेळी मी तिथल्या बाकावर बसलेलो असतो. मीटिंग साधारण दीड तास चालते. नंतर चहा, दोन शब्द, घरी चालत जाणे आणि जेवण. पोट भरेपर्यंत धोक्याची वेळ निघून गेलेली असते.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या भागात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या मीटिंग होतात. हिंदी मीटिंगमध्ये मला सगळे समजत होते, तरी बोलायची वेळ आली की मी समुपदेशकांनी शिकवलेली वाक्ये म्हणून खाली बसत असे. मुलीच्या फीचे पैसे मी कुठे घालवले, हे मला मराठीतच सांगता आले.

एका मीटिंगवरून सगळ्या एएविषयी मत बनवू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. एएच्या चौथ्या परंपरेनुसार (परंपरा म्हणजे ग्रुप कसे चालावेत याची तत्त्वे) प्रत्येक ग्रुप आपापला कारभार स्वतः ठरवतो, त्यामुळे कुठे पायऱ्यांचे, म्हणजे दारूमुक्तीसाठी एएने सांगितलेल्या टप्प्यांचे, वाचन आणि त्यावर चर्चा असते, तर कुठे केवळ अनुभवकथन. ज्या ग्रुपमध्ये बहुतेक वेळ पूर्वीच्या पिण्याच्या वर्णनात जातो आणि आज न पिण्यासाठी काय केले याबद्दल कोणी बोलत नाही, तिथे नवागताने फार काळ थांबू नये असे मला वाटते. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलण्यातून ही चळवळ उभी राहिली. ते बोलणे जिथे आजही जिवंत आहे तो ग्रुप चांगला, मग तिथे पाचच माणसे का असेनात. मी सलग दोन वेळा दिसलो नाही तर माझ्या ग्रुपमधून फोन येतो. मोठ्या ग्रुपमध्ये असे सहज होत नाही.

देवाचा प्रश्न अनेकांना अडवतो. तिसऱ्या पायरीत ‘आपल्याला उमगलेला’ ईश्वर असे म्हटलेले आहे आणि माझे स्पॉन्सर, म्हणजे मला मार्ग दाखवणारे जुने सदस्य, जे स्वतः देव मानत नाहीत, ते त्या जागी ग्रुपलाच मानतात. तरीही कोणाला हे जमत नसेल तर बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर आधारलेल्या स्मार्ट रिकव्हरी या दुसऱ्या संघटनेच्या ऑनलाइन मीटिंग पाहाव्यात. मात्र एए ही केवळ भाबडी श्रद्धा आहे असे समजू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली आणि पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

खर्च काही नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावे आणि नव्या माणसाने काहीच टाकले नाही तरी चालते. सातव्या परंपरेमुळे बाहेरची देणगी घेतली जात नाही.

मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर थरथर, फिट किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टर आणि मग ग्रुप हाच क्रम ठेवावा. मीटिंगमध्ये कोणी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सोडायला सांगितले तर मुळीच ऐकू नये. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असे एएच्या पत्रकातच लिहिलेले आहे.

कुटुंबीयांना खुल्या मीटिंगला येता येते, बंद मीटिंग फक्त मद्यपींसाठी असते. पत्नी माझ्याबरोबर काही खुल्या मीटिंगना आली, पण तिला खरा आधार मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-ॲनॉनमध्ये मिळाला. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा ‘सहचरी’ गटही खास पत्नींसाठी आहे. स्त्री मद्यपींनी शक्यतो केवळ स्त्रियांची मीटिंग शोधावी. पंधरा-वीस पुरुषांमध्ये एकटीने बसून मन मोकळे करणे किती कठीण असते, हे मी आमच्याच वर्गात पाहिले आहे.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळचा ग्रुप मला गाठता येत नाही. त्या आठवड्यात कामावर निघण्यापूर्वी मी मोबाइलवर ऑनलाइन मीटिंग करतो आणि रात्री पाळी सुटल्यावर, दारूच्या दुकानाचा रस्ता ओलांडेपर्यंत, स्पॉन्सरशी फोनवर बोलत चालतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसण्याची मुभा असते, पण मी तो सुरू ठेवतो.