लॉगिनची सूचना दाराबाहेर लावायची की दाराआत?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन फलक आहेत. एक फाटकावरचा, तैलरंगात रंगवलेला: 'फाटकासमोर वाहने लावू नयेत'. तो रस्त्यावरून जाणाऱ्या कुणासाठीही आहे. दुसरा जिन्याखालचा, खडूने लिहायचा. गुरुवारी पाणी बंद राहणार असं कळलं की बुधवारी संध्याकाळी त्यावर 'उद्या पाणी नाही, भरून ठेवावे' असं लिहितात आणि शुक्रवारी पुसून टाकतात. तो फलक सगळे वाचतात, कारण एरवी तो कोरा असतो.

मी इथल्याच एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातले दोन लिनक्स सर्व्हर सांभाळतो. दुसऱ्या विभागातल्या मॅडमनी नुकताच उबंटूचा नवा सर्व्हर घेतला आणि विचारलं, "मुलांना लॉगिनच्या वेळी सूचना दाखवायची आहे, कुठे लिहू?" जागा चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचा वाचक वेगळा आहे. (फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, मशीनवर ती इंग्रजी लहान अक्षरांत असतात.)

पासवर्डच्या आधी दिसणाऱ्या जागा दोन. 'ईटीसी'मधली 'इश्यू' ही फाइल सर्व्हरला जोडलेल्या पडद्यावर (कन्सोलवर) दिसते. एसएसएचने (दुरून जोडणी करून) येणाऱ्याला ती दिसत नाही, आणि आपल्याकडे जवळजवळ सगळे एसएसएचनेच येतात. त्यांच्यासाठी एसएसएचडीच्या (सर्व्हरवर एसएसएचच्या जोडण्या घेणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'बॅनर' ही ओळ चालू करून तिच्यापुढे फाइलचा पत्ता द्यावा लागतो. 'इश्यू डॉट नेट' ही फाइल टेलनेटच्या काळापासून आहे, पण ती ओळ चालू नसेल तर तिच्यातला मजकूर एसएसएचवर कुणालाच दिसत नाही. बॅनरला थेट 'इश्यू'चा पत्ता देण्याची चूक बरेचजण करतात. 'इश्यू'मध्ये मशीनचं नाव आणि टर्मिनल यांसाठी तिरकी रेघ आणि एक अक्षर अशा खुणा असतात. कन्सोलवर त्यांच्या जागी खरी माहिती येते. एसएसएच मात्र त्या खुणा जशाच्या तशा छापतं. म्हणून बॅनरसाठी वेगळी फाइल ठेवा.

बॅनर हा फाटकावरचा फलक आहे. तो पासवर्ड तपासण्याआधी जातो, म्हणजे रात्रंदिवस दार ठोठावणाऱ्या बॉट्सनाही दिसतो. त्यात विभागाचं नाव, उबंटूची आवृत्ती, संपर्काचा क्रमांक असलं काही नको. 'हे यंत्र परवानगी असलेल्यांसाठीच आहे, वापराची नोंद ठेवली जाते' एवढं पुरे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याचाच उल्लेख आहे, तेव्हा परवानगीची गोष्ट दारातच सांगितलेली चांगली. एक त्रास मात्र होतो. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने येत असेल तर बॅनर तिथेही छापला जातो आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) रोज सकाळी तेवढ्याच मजकुराचा मेल पाठवतो. बॅकअपच्या वापरकर्त्यासाठी त्याच कॉन्फिग फाइलमध्ये 'मॅच' ब्लॉक (ठरावीक वापरकर्त्यापुरतीच लागू होणारी नोंद) लिहून त्यात बॅनर 'नन' करा, मेल थांबतात.

लॉगिननंतरची जागा म्हणजे एमओटीडी ('मेसेज ऑफ द डे'), आपला जिन्याखालचा फलक. साध्या 'एमओटीडी' फाइलमध्ये लिहिलं की झालं, काही रीलोड करावं लागत नाही. सूचना दोनदा दिसू लागली तर समजा की पॅम (लॉगिनची तपासणी करणारी यंत्रणा) आणि एसएसएचडी दोघेही ती छापताहेत. एसएसएचडीतलं 'प्रिंटएमओटीडी' 'नो' करा.

उबंटूवर याशिवाय 'अपडेट-एमओटीडी डॉट डी' नावाचा फोल्डर आहे. त्यातल्या स्क्रिप्ट प्रत्येक लॉगिनला रूटच्या (मशीनच्या मुख्य व्यवस्थापकाच्या) अधिकाराने, नावाच्या क्रमाने चालतात. डिस्क किती भरली, कुठले अपडेट बाकी, हे सगळं तिथून येतं. साधी फाइल की स्क्रिप्ट, यात नव्या माणसाला स्क्रिप्टचा मोह होतो. मलाही झाला होता. मी सगळ्या डिस्कची मोकळी जागा दाखवणारी एक स्क्रिप्ट टाकली होती. त्यातली एक डिस्क दुसऱ्या मशीनवरून एनएफएसने (नेटवर्कवरून) जोडलेली होती. एका गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, ते मशीन बंद पडलं आणि माझी स्क्रिप्ट त्याच्या उत्तराची वाट बघत बसली. पासवर्ड बरोबर, पण पुढे प्रॉम्प्टच येईना. चाळीस मुलं सबमिशनच्या आदल्या दिवशी ताटकळली आणि मलाही आत जाता येईना. एका सहकाऱ्याचं सत्र सकाळपासून उघडं होतं म्हणून निभावलं. तिथून स्क्रिप्टची एक्झिक्युट परवानगी काढली आणि नवी लॉगिनं सुरू झाली. मुलांचे त्या दिवशीचे चेहरे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून नियम असा: आकडे क्रॉनने दर दहा मिनिटांनी एका फाइलमध्ये लिहायचे आणि स्क्रिप्टने ती फाइल फक्त वाचून दाखवायची. आणखी एक. स्क्रिप्टच्या नावाला 'डॉट एसएच' लावू नका. नावात असा टिंब असला की रन-पार्ट्स (त्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट चालवणारी आज्ञा) ती फाइल गुपचूप सोडून देतं, आणि आपण तासभर परवानग्या तपासत बसतो.

तिसरी वाट 'प्रोफाइल डॉट डी'ची. तिथली स्क्रिप्ट वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालते, त्यामुळे 'तुझ्या कोट्यातली एवढी जागा उरली' असं ज्याचं त्याला सांगायला ती बरी. बॅशऐवजी झेडशेल किंवा फिश ही शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांना ती दिसेलच असं नाही. बॅश सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'बॅशआरसी'मध्ये मात्र काहीही छापू नका. एसएफटीपी आणि आरसिंक ही फाइली पाठवणारी साधनं त्या ओळीला प्रोटोकॉलचा भाग समजतात आणि फाइल पाठवणं मधेच तुटतं.

एमओटीडी सगळे वाचतीलच असंही नाही. ज्याच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट हशलॉगिन' ही रिकामी फाइल आहे, त्याला ती दिसतच नाही. जे प्रत्येकाला कळलंच पाहिजे त्यासाठी 'ईटीसी'मध्ये 'नोलॉगिन' फाइल ठेवा: तिच्यातला मजकूर दाखवून रूटखेरीज सगळ्यांना परत पाठवलं जातं. सगळ्यांना म्हणजे सुडोने रूटचा अधिकार वापरणाऱ्या तुम्हालाही, तेव्हा आधी एक सत्र उघडं ठेवा. आधीच आत बसलेल्यांच्या पडद्यावर सूचना पाठवायला 'वॉल' ही आज्ञा आहे.

मॅडमना मी सुचवलं ते असं. बॅनर दोन ओळींचा, एकदाच लिहायचा. बदल केल्यावर एसएसएचडीची '-टी' तपासणी करून मगच रीलोड. उबंटूच्या तयार स्क्रिप्टपैकी मदतीचे दुवे आणि बातम्या देणाऱ्यांची एक्झिक्युट परवानगी काढायची. त्यांच्या जागी एकच छोटी स्क्रिप्ट, जी वाराचा आकडा बघते. सोमवार १ धरला तर ३ आणि ४ या दोनच दिवशी ती छापते: 'गुरुवारी सकाळी वीज बंद. चालू जॉब बुधवारी रात्रीपर्यंत संपवा.' बाकीचे पाच दिवस काहीच नाही.

त्यांनी विचारलं, मराठीत लिहिलं तर चालेल का? एमओटीडीत खुशाल लिहा, मुलांच्या लॅपटॉपवरच्या टर्मिनलमध्ये बहुधा नीट दिसतं, आणि आपल्या भाषेतली सूचना मुलं थांबून वाचतात हे मी पाहिलं आहे. बॅनरमध्येही चालतं, फक्त ओपनएसएसएचचा क्लायंट २०१६ च्या ७.३ आवृत्तीच्या आधीचा असेल तर अक्षरांऐवजी तिरक्या रेघा आणि आकड्यांची रांग येते, म्हणून तिथे खाली इंग्रजी ओळही द्या. सर्व्हरला जोडलेल्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही. 'इश्यू' तेवढी इंग्रजीतच राहू द्या.