पाळी जाताना हॉर्मोन घ्यायचे का? जेल, गोळी, क्रीम आणि बिनहॉर्मोनची औषधं

पंचेचाळिशी आली की बायकांचे दोन कंपू पडतात. एक म्हणतो हॉर्मोन म्हणजे कॅन्सरला आवतण, दुसरा म्हणतो अगं हॉर्मोनचं जेल लाव, महिन्याभरात माणसात येशील. मी दुसऱ्या कंपूतली, हे आधीच सांगते, पुढचं त्या हिशोबानं वाचा. पण नुसतं "हॉर्मोन घेऊ का" असं विचारून भागत नाही, त्रास कुठला, औषध कुठल्या रूपात आणि गर्भाची पिशवी आहे का काढलीये, हे तीन कळल्याशिवाय कोणीच धड सांगू शकत नाही.

आपल्याकडे पाळी साधारण 46-47 ला जाते, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या चार-पाच वर्षं आधी, आणि त्रास पाळी जायच्या आधीच सुरू होतो त्यामुळे बऱ्याच जणींना कळतच नाही की हे त्यातलंच आहे. रात्री तीनला मानेखालची उशी ओली, पंखा पाचवर, शेजारी नवरा गोधडी ओढून कुडकुडतोय आणि पाचच मिनिटांत आपल्यालाच थंडी वाजायला लागते. "दोन वर्षं काढ, जाईल" असं सासू-आई सांगतात ना, त्यावर फार विसंबू नका, वाफा (अंगात अचानक उसळणारी गरमी, हॉट फ्लॅशेस) आणि घाम सरासरी सात वर्षांच्या आसपास चालतात. कोणाचे लवकर थांबतात, तसे थांबणार असतील तर काहीच न घेणं हाही चांगला पर्याय आहे, झोप आणि काम नीट चालू असेल तर उगाच औषध कशाला.

आता भीतीचं बघू. ती आली 2002 सालच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून, तो मधेच थांबवला आणि जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. आकडा असा होता की दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर गोळी न घेणाऱ्यांत 30 आणि घेणाऱ्यांत 38. धोका खरा आहे, पण केवढा तेही बघा. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं 63 आणि दिलेली गोळी म्हणजे गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन (पाळी जाताना कमी होणारं बायकांचं हॉर्मोन) अधिक एक कृत्रिम प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनसारखं काम करणारं औषध). ज्यांची पिशवी काढली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसलाच नाही, पण ही बातमी कोणाच्या व्हॉट्सॲपवर आली नाही. आज तज्ज्ञांचा सूर असा आहे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, धोका कमी.

इस्ट्रोजेनची गोळी का जेल? वाफांवर दोन्ही सारखेच चालतात, हॉर्मोनने वाफा साधारण पाऊण कमी होतात आणि इतकं दुसऱ्या कशानंच होत नाही. फरक रक्ताच्या गुठळीचा. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि त्यामुळे रक्ताची गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो, जेल कातडीतून थेट रक्तात जातं, त्यात नेहमीच्या डोसला तसं वाढलेलं दिसत नाही. म्हणून वजन जास्त, बीपी, शुगर, मायग्रेन यातलं काही असेल तर मी तरी डॉक्टरांना आधी जेलबद्दलच विचारेन. जेलची कटकट म्हणजे रोज दंडाला नाहीतर मांडीला लावायचं, वाळेपर्यंत थांबायचं आणि तेवढ्यात नातवंडाला उचलून घ्यायचं नाही. गोळी स्वस्त आणि सोपी. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीचं अस्तर जाड होऊन तिथे कॅन्सर होऊ शकतो. त्याची कॅप्सूल रात्री घेतात कारण झोप येते, आणि कित्येक जणींना तेच हवं असतं.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, गुठळी, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक झालाय, लिव्हर बिघडलंय, किंवा अंगावरून रक्त का जातंय ते कळलेलं नाही, अशांना सहसा हॉर्मोन देत नाहीत. त्यांच्यासाठी बिनहॉर्मोनची औषधं आहेत. डिप्रेशनच्याच गोळ्या कमी डोसमध्ये, पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन, वाफा बऱ्यापैकी कमी करतात. "मला काय वेड लागलंय का" म्हणून चिठ्ठी फाडू नका. फक्त टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल तर पॅरोक्सेटिन नको, ते त्याचं काम बिघडवतं. रात्रीच जास्त होत असेल तर गॅबापेन्टिन, मूळची फिट्स आणि नसांच्या दुखण्याची गोळी. 2023 ला अमेरिकेत फेझोलिनेटंट नावाची खास वाफांसाठीची गोळी आली, पण तिला लिव्हरच्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

शतावरी, सोया, ब्लॅक कोहोश (एक परदेशी जडीबुटी) यावर लोक महिन्याला हजार-दोन हजार घालवतात, मला ते पटत नाही. बरं वाटतं हे खोटं नाही, पण अभ्यासात औषध नसलेली गोळी घेऊनही खूप बायकांच्या वाफा कमी होतात. आणि ब्लॅक कोहोशने लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, "नॅचरल आहे" म्हणून बिनधास्त राहू नका. योगा, चालणं, वजनं उचलणं हे करा, झोपेसाठी, हाडांसाठी, मूडसाठी, पण वाफा जातील या आशेवर नको.

सगळ्यात दुर्लक्षित काय तर क्रीम. खालचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखं युरिन इन्फेक्शन, हे वाफांसारखं आपोआप जात नाही, उलट वाढत जातं. त्याला आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, रक्तात अगदी नावापुरतं जातं, त्यामुळे पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. पण काउंटरवर चार पुरुष उभे असताना ते मागायचं कसं, म्हणून कित्येक जणी वर्षानुवर्षं इन्फेक्शनच्या अँटिबायोटिकवर काढतात. चिठ्ठी सरकवा आणि कागदात गुंडाळून घ्या, बोलायची पण गरज नाही.

ज्यांची पिशवी आणि अंडाशय चाळिशीच्या आत काढले त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा. बीडमध्ये 2019 ला ऊसतोडीच्या 80 हजारांवर बायकांची पाहणी झाली तेव्हा 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, यातल्या किती जणींना नंतर हाडांचं, हृदयाचं कोणी काही सांगितलं असेल? अंडाशय इतक्या लवकर गेले तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी हॉर्मोन द्यावेत असंच सहसा सांगतात, इथे न घेण्यातच धोका जास्त.

सुरू करायच्या आधी बीपी आणि मॅमोग्राम करून घ्या, तीनेक महिन्यांनी डॉक्टरांना परत भेटा, डोस तेव्हा बदलता येतो. पाच वर्षांनी बंदच करायचं असा काही नियम नाही, दरवर्षी बघून ठरवतात. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी डाग दिसला तरी हॉर्मोन चालू असो नसो, लगेच दाखवा. आणि पाळी अजून अधूनमधून येत असेल तर जेल-गोळीने गर्भ राहायचं थांबत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.