कोटाचं अस्तर: ब्लाऊजसारखं, पिशवीसारखं की हातशिलाईचं?

ब्लाऊज उत्तम शिवणाऱ्यांनाही पहिला कोट नडतो तो बहुधा अस्तरापाशी. कॉलर, लॅपल (कॉलरला लागून छातीवर बाहेर वळणारा भाग), खिसे यांची धास्ती असते, म्हणून तिथे काम सावकाश होतं. अस्तर मात्र ‘त्यात काय, रोजचंच’ म्हणून उरकलं जातं. ब्लाऊजच्या प्रत्येक भागाला त्याच मापाचं अस्तर टाचायचं आणि मग दोन्ही थर एकच कापड समजून शिवायचे, हे हाताला बसलेलं असतं. कोटाचं अस्तर सुटं असतं आणि दोन-तीन जागी तर ते कोटापेक्षा मोठं कापावं लागतं. लोकर लवचिक, वाफेने आटणारी, टांगल्यावर खाली उतरणारी. अस्तर पातळ, घट्ट विणीचं, जराही न देणारं. दोघांना एकाच मापात बांधलं की हात वर केल्यावर काखेत ओढ बसते, पाठीत शिवण उसवते आणि कोटाची खालची कड आत वळते.

त्यामुळे घरी कोट शिवायचा ठरला की कापड घेण्याआधीच अस्तर कसं लावणार ते ठरवावं. वाटा तीन आहेत. इथे नजरेसमोर धरलाय तो गुडघ्याच्या जरा वर येणारा, कॉलर-लॅपलचा, लोकरीचा बायकांचा कोट, 36-38 छातीचा. कापडाचा पन्हा 58 इंच असेल तर अडीच मीटर पुरतं. घेर जास्त असेल किंवा चौकटी जुळवायच्या असतील तर तीन घ्या. 44 इंच पन्ह्याचं अस्तर पावणेतीन मीटर. छातीचं माप स्वेटर घालून घ्या आणि त्यात 4 इंच मिळवा.

ब्लाऊजसारखं: जोडून

ही ओळखीची वाट. वेगळं ड्राफ्टिंग नाही, अस्तर त्याच पेपर कटिंगवर कापायचं, धावदोऱ्याने टाचायचं आणि पुढे जायचं. खादी, हातमाग, विरळ विणीचं ट्वीड अशा कापडांना यातून चांगला आधार मिळतो, कोपरं आणि पाठ फुगत नाहीत.

पण आतल्या सगळ्या शिवणी उघड्या राहतात. त्यांना इंटरलॉक तरी करा, नाहीतर उरेब (तिरपी कापलेली) पट्टी लावा. गुडघ्यापर्यंतच्या कोटात ही पट्टी सहज आठ-दहा मीटर लागते, म्हणजे वाचवलेला वेळ इथे परत जातो. शिवाय इस्त्रीची वाफ लागली की लोकर आटते आणि अस्तर आटत नाही, मग बाहेरच्या बाजूला बारीक सुरकुत्या उठतात. त्या पुढे कितीही दाबल्या तरी जात नाहीत.

पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळ-संध्याकाळ घालायचं, कमरेच्या खाली जरासं येणारं सुती किंवा खादीचं जॅकेट असेल तर हीच पद्धत घ्या, दुसरीकडे बघूही नका. जाड लोकरीला ती लावू नये.

आधी अस्तराचं माप

पुढच्या दोन्ही वाटांना अस्तराचं वेगळं ड्राफ्टिंग लागतं. तासाभराचं काम आहे, पण कोट अंगावर सुखाने बसतो तो याच तासामुळे.

पाठीचा भाग घडीवर कापताना मध्यरेषा घडीपासून 1 इंच आत ठेवा. त्यातून पाठीत मधोमध एक प्लेट (चुणी) मिळते. ती गळ्यापाशी 2 इंच आणि कमरेपाशी 2 इंच शिवून टाका, बाकी मोकळी सोडा. हात पुढे नेल्यावर पाठ रुंदावते तेव्हा ही प्लेट उघडते.

काखेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. कोटाच्या मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या गोलाईच्या) शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेलं कापड, काखेत उभी राहते, ती कापता किंवा खाली दाबता येत नाही. अस्तराला त्या उभ्या मायेवरून चढून पलीकडे उतरायचं असतं. म्हणून अस्तराचा मुंढा काखेत अर्धा इंच वर उचला आणि बाहीचा काखेकडचा भागही तेवढाच वर न्या. बाही जुळवायच्या पुढच्या-मागच्या खुणांपर्यंत जाताना हा उचल शून्यावर आणा. हे राहिलं तर अस्तर काखेत आखूड पडतं, आणि हात वर केला की सगळा कोट बाहीबरोबर वर येतो.

लांबीला एक सोपा नियम आहे. कोटाची खालची दुमड 2 इंच आणि माया अर्धा इंच धरली असेल, तर अस्तराची कापलेली कड कोटाच्या तयार लांबीबरोबर ठेवा. जोडल्यावर अस्तरात एक इंच ढिलाई उरते आणि तिची अर्ध्या इंचाची छोटी घडी जोडाच्या खाली उतरते. म्हणजे अस्तर कोटाच्या कडेच्या एक इंच वर थांबतं, खाली डोकावत नाही. बाहीलाही 2 इंच दुमड ठेवली तर तिथेही हाच हिशेब.

पिशवीसारखं: सगळं मशीनवर

कोट वेगळा पुरा करायचा, अस्तर वेगळं पुरं करायचं, सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेने शिवायचं आणि उशीच्या अभ्र्यासारखं उलटवायचं. तयार कपड्यांच्या कारखान्यात हेच होतं. सराव असेल तर अस्तर लावायचं काम तीन-चार तासांत आटपतं आणि सुई-दोरा जवळजवळ हातात घ्यावा लागत नाही.

अस्तराच्या डाव्या बाहीच्या शिवणीत मधोमध 8 इंच जागा न शिवता सोडा. कोट शेवटी इथूनच बाहेर येणार आहे. लोकर जाड असेल तर 6 इंचात तो निघत नाही आणि ओढाताणीत अस्तर फाटतं. फेसिंगला (कोटाच्या पुढच्या कडेला आतून लावलेल्या त्याच कापडाच्या पट्टीला) अस्तर जोडताना दोन्ही बाजूंना खालचे 2 इंचही सोडा, नाहीतर कोपऱ्यात ढिलाईची घडी बसत नाही.

मग बाह्यांची तोंडं. या पद्धतीत जे काही बिघडतं त्यातलं निम्मं इथे बिघडतं. खालची कड अजून उघडी आहे. कोट घातल्यावर दिसतो तसा सुलटा करा, अस्तराची बाही कोटाच्या बाहीत सरळ घाला आणि काखेपासून तोंडापर्यंत हात फिरवून पीळ नाही ना ते पाहा. तोंडाशी दोन्ही कडा तयार कोटात असतील तशा आत वळवा, शिवणीला शिवण जुळवा आणि तिथे एकच टाचणी लावा. आता खालच्या उघड्या कडेतून, कोट आणि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत हात घाला. टाचणीपाशी दोन्हींची माया चिमटीत पकडा आणि न सोडता बाहेर ओढा. दोन नळ्या तोंडाला तोंड लावून बाहेर येतील. चिमटीत धरलेल्या जागेपासून सुरुवात करून, सुलट बाजू समोरासमोर ठेवून, तोंड गोल शिवा. टाचणी न लावता नुसत्या अंदाजाने दोन तोंडं जुळवली तर बाही अर्धा फेरा पिळलेली शिवली जाते. टेबलावर ते कळत नाही. कोट घालायला गेल्यावर हात मध्येच अडकतो आणि सगळी शिवण उसवावी लागते.

त्यानंतर खालची कड शिवा. उलटवण्याआधी कोटाची दुमड प्रत्येक उभ्या शिवणीच्या मायेला चार-पाच सैल टाके घालून धरून ठेवा, काखेत आणि खांद्यावर अस्तराची माया कोटाच्या मायेला इंचभर पट्टीने बांधा. हे टाके नसले तर दोन धुलायांत दुमड खाली लोंबते. मग बाहीतल्या फटीतून कोट बाहेर काढा आणि ती फट कडेवरून मशीनने बंद करा. बाहीच्या आत कोण बघतंय?

पिशवीचा खरा तोटा उतरण्याचा आहे. घेरदार कोटात कापडाचा तिरपा धागा जिथे येतो तिथे लोकर एक-दोन दिवसांत पाव ते अर्धा इंच खाली उतरते. कड आधीच मशीनने बांधून टाकली असेल तर जास्तीचं कापड अस्तराच्या ओढीने आत वळतं, आणि ते सरळ करायला सगळं उलटं करावं लागतं. सरळ, कंबरभर कोटाला हा धोका जवळजवळ नाही.

हातशिलाईचं

इथे पाठ, बाजू, बाह्या असे अस्तराचे तुकडे मशीनवर जोडतात, पण कोटाला अस्तर लावायचं ते हाताने, बारीक हेमच्या टाक्यांनी: फेसिंगच्या कडेने, गळ्याला, मुंढ्यात, बाहीच्या तोंडाला, खाली. सवय नसेल तर आठ-दहा तास लागतात. मोबदल्यात प्रत्येक जागी अस्तर कोटावर बसवून बघता येतं, कुठे ओढ दिसली तर तेवढेच टाके काढायचे. लांब कोटात खालची कड मोकळी सोडून, अस्तराला वेगळी दुमड घालून, बाजूच्या शिवणींपाशी इंचभर लांबीच्या दोऱ्याच्या साखळीने ती कोटाला धरून ठेवता येते. मग कोट उतरो, अस्तर उतरो, एकमेकांशी भांडण नाही.

टाके एका इंचात सात-आठ हवेत आणि दोरा सैल. घट्ट ओढलेला टाका बाहेरच्या बाजूला खड्ड्यासारखा दिसतो, आणि लोकरीवर तो इस्त्रीनेही लपत नाही.

पहिल्या कोटाला काय निवडावं

निव्वळ पिशवी नको आणि पूर्ण हातशिलाईही नको. फेसिंग आणि गळा मशीनवर, बाह्यांची तोंडं आणि खालची कड हाताने. लांब सरळ शिवणींत मशीन चुकत नाही, तिथे हात घालून दमायचं कशाला? आणि पीळ पडण्याची, कड आत वळण्याची दोन्ही ठिकाणं हातात राहतात. बाहीत फट सोडायचीही गरज उरत नाही. मशीनचं काम झालं की कोट निदान 24 तास जाड हँगरवर टांगा, उतरायचं ते उतरू द्या, कड जमिनीपासून पट्टीने मोजून पुन्हा सारखी करा आणि मगच खालची दुमड व अस्तर लावा. हे काम साधारण चार-पाच तासांचं.

पिशवी घ्यावी ती दुसऱ्या-तिसऱ्या कोटाला, किंवा कमरेपर्यंतच्या जॅकेटला.

अस्तराचं कापड

टेलरिंग मटेरियलच्या दुकानात ‘कोटाचं अस्तर’ मागितलं की बहुधा पॉलिएस्टर टाफेटा पुढे येतो. स्वस्त, मजबूत, रंग भरपूर. पण घाम शोषत नाही, कोरड्या थंडीत अंगाला चिकटतो आणि कापलेल्या कडांचे धागे सुटत राहतात. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, घालायला कितीतरी सुखद. ओलं झाल्यावर मात्र ते कमजोर पडतं आणि पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून कापण्याआधी पाण्यात भिजवून सावलीत वाळवून घ्या. बेमबर्ग नावाने मिळणारं क्युप्रो मिळालं तर प्रश्नच मिटला, पण ते महाग. सुती पॉपलिन कोटाच्या अस्तराला कधीच नको: स्वेटरची बाही त्यात अडकते, कोट घालणं म्हणजे कुस्ती होते.

दुकानदार रेयॉन म्हणून पॉलिएस्टर देत असेल तर इंचभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघा. आचेपासून आक्रसला, वितळला आणि काळा कडक मणी राहिला तर पॉलिएस्टर. कागदासारखा जळला, वासही कागदाचा आला आणि बोटांत मऊ राख चुरगळली तर व्हिस्कोस किंवा क्युप्रो.

कापताना अस्तर सरकतं. खाली वर्तमानपत्र अंथरून कागदासकट कापलं की सरकत नाही. कात्रीला पुढे धार लावावी लागते, एवढंच. टाचण्या मायेतच लावा, मध्ये लावलेल्या टाचणीचं भोक तसंच राहतं. अस्तराला नवी 11 नंबरची सुई आणि अडीच मिलिमीटर टाका, लोकरीला 16 नंबर आणि 3 मिलिमीटर.

फ्यूजिंग की कॅनव्हास

लॅपल आणि पुढचा भाग आतून ताठ ठेवायला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) लावावं की कॅनव्हास (हाताने टाचायचं ताठ कापड), याबद्दल वाद पुष्कळ, पण घरच्या पहिल्या कोटाला फ्यूजिंगच. कॅनव्हासवर लॅपल हाताने टाचलं की वळण अप्रतिम येतं, मात्र त्यात दोन-तीन संध्याकाळी जातात. फ्यूजिंग विणलेलं घ्या, कागदासारखं नको. ते लावण्याआधी लोकरीच्या सगळ्या लांबीवर ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री फिरवा. ही लोकर नंतर आटली तर फुगे येतातच, आणि लोक दोष फ्यूजिंगला देतात. इस्त्री घासायची नाही. ओलसर फडक्यावरून दाबायची, 12-15 सेकंद धरायची, उचलून शेजारी ठेवायची. गरम असताना तुकडा हलवला तर चिकटलेलं सुटतं, पूर्ण थंड होईपर्यंत तो सपाट पडू द्या. आधी चार इंचांच्या तुकड्यावर करून कोपरा ओढून पाहा.

काज घरच्या मशीनवर जाड लोकरीत नीट बसत नाहीत. काज-बटणवाल्याकडे जाताना कोटाबरोबर त्याच कापडाचा, फ्यूजिंग आणि फेसिंगसकट दुमडलेला एक तुकडा न्या आणि पहिलं काज त्यावर पाडायला लावा. कापड मशीनखाली अडतं की सरकतं ते तिथेच कळतं, आणि काजाची लांबी बटणाला पुरते का तेही.