लाल रंगाखालचा पिवळा : रीइश्यू रोबोंच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुलुंडला राहणाऱ्या एका तरुण संग्राहकाचे पाच आठवड्यांत २०,१०० रुपये गेले. एकदम नव्हे, तीन वेळा मिळून. ६,५०० रुपये खेळण्यातल्या एका लाल छोट्या रोबोचे, ९,००० जपानहून येणाऱ्या सहा रोबोंच्या सेटचा अॅडव्हान्स आणि ४,६०० 'कस्टमचे'. लाल रोबो खोटा निघाला. सेट आलाच नाही. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, आम्ही हे लिहीत आहोत, कारण वापरलेली प्रत्येक युक्ती उद्या दुसऱ्या कोणावरही चालेल.

सुरुवात अगदी सचोटीची होती. विक्रेत्याने आधी ९०० रुपयांचा एक सुटा रोबो विकला. तो खरा होता, सांगितल्या दिवशी आला, पॅकिंगही नीट होतं. मुलाने संग्राहकांच्या ग्रुपवर त्या माणसाबद्दल चांगलं लिहिलं आणि तेच पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायचं प्रमाणपत्र झालं. लहान व्यवहार प्रामाणिक झाला म्हणून मोठाही होईल, असं धरू नका. ९०० रुपयांचा खरा माल हा त्या माणसाच्या धंद्याचा खर्च असतो.

आता त्या लाल रोबोकडे येऊ. १९८४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने टाकारा या जपानी कंपनीच्या साच्यांवर ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे घडी घातली की गाडी वगैरे होणारे रोबो, बाजारात आणले, तेव्हाच्या छोट्या मिनीबॉटमध्ये बम्बलबी पिवळाही मिळायचा आणि लालही. क्लिफजंपर लालही होता आणि पिवळाही. म्हणजे रंगाचे खरे फरक आहेत आणि संग्राहक त्यांच्या मागे असतात. रीइश्यू, म्हणजे कंपनीने जुन्याच साच्यातून पुन्हा काढलेले रोबो, आले की गुंता वाढतो. साचा जुनाच, पण प्लास्टिकचा रंग थोडा बदललेला, आधी स्टिकर असायचा तिथे छपाई, कुठे कार्टूनमधल्या छटेशी जुळवून घेतलेला चेहरा. '१९८९ च्या मायक्रोमास्टरचा (आणखी चिमुकल्या रोबोंच्या मालिकेचा) रंग असा नव्हता' असं कोणी म्हटलं की 'हा रीइश्यूचा नवीन रंग आहे' हे उत्तर तयार असतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. फसवणारा नेमका याच जागेवर उभा राहतो.

आपल्याकडे त्याला आणखी एक आधार मिळतो. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून फन्स्कूल सुरू झाली. तिने भारतात बनवलेल्या जीआय जो बाहुल्यांचे रंग परदेशी मालापेक्षा वेगळे असत आणि त्यासाठीच आज जगभरचे संग्राहक ते शोधतात. त्यामुळे कोणताही विचित्र रंगाचा रोबो 'जुना भारतीय माल' म्हणून खपवता येतो. असा दावा आला की खेळणं ज्यावर बसवून विकतात त्या कार्डाच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचता येईल एवढा मोठा फोटो मागा. नुसत्या सुट्या रोबोवर हा दावा मान्य करू नका.

लाल रोबो दादर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळी सात वाजता हाती आला. विक्रेत्याला 'लगेच गाडी पकडायची होती'. पिवळट दिव्यात, गर्दीत, पारदर्शक पिशवीतून रोबो पाहिला आणि पैसे पाठवले. घरी येऊन पहिल्यांदाच पाय बाहेर ओढले, तेव्हा घासल्या जागी बारीक पिवळी रेघ उमटली. सर्वसाधारण पिवळ्या रोबोवर लाल रंग मारलेला होता.

या जातीच्या रोबोंचा मुख्य रंग प्लास्टिकमध्येच असतो, वरून लावलेला नसतो. म्हणून बाहेरच्या सपाट जागा पाहण्यात अर्थ नाही, त्या कोणीही सुंदर रंगवेल. पाहायचं ते सांध्यांच्या आत, खुंटी बसते त्या भोकात, हात दुमडल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागात. खऱ्या रोबोत तिथेही तोच रंग दिसतो. रंगवलेल्यात आत दुसरा रंग, नाहीतर अर्धवट फवारा. स्क्रू असेल तर त्याच्या डोक्याची खाच बघा. कारखान्यात सुटे भाग आधी रंगतात आणि मग स्क्रूने जोडतात, त्यामुळे खाचेत रंग साचलेला दिसला तर जोडल्यानंतर रंगवलंय हे नक्की. वरच्या बारीक रेषा, म्हणजे दाराची फट, जाळी, नंबर प्लेटची कड, या बुजल्यासारख्या दिसल्या तरी रंगाचा जाड थर समजा. सांधे नेहमीपेक्षा घट्ट फिरतात त्याचंही कारण हेच असतं, आणि घट्ट सांधा जोराने फिरवला की जुनं प्लास्टिक तडकतं.

शंका राहिलीच तर औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडला लावून आतल्या, न दिसणाऱ्या जागी चार-पाच वेळा हलकं घासा. हौशी अॅक्रिलिक रंग लगेच कापसावर येतो. कारखान्यातला रंग सहसा एवढ्याने सुटत नाही. नेलपेंट काढायचं अॅसिटोन मात्र कधीही वापरू नका, ते एबीएस प्लास्टिकच विरघळवतं आणि खरा रोबोही जातो. आणि ही चाचणी पैसे देण्याआधी, विक्रेत्याला विचारून करायची. तो 'नको' म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा. खरा माल विकणारा अशा वेळी स्वतःच सांधा उघडून दाखवतो, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

रोबोवर छापलेली चिन्हं आणि अक्षरं दहापट भिंगाखाली तपासा. झवेरी बाजारात दागिने बघायला वापरतात ते भिंग पुरतं. कारखान्यात रबरी पॅडने छापलेल्या चिन्हाची कड स्वच्छ आणि रंग सलग असतो. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या चिन्हात रंगीत ठिपके दिसतात. पाण्यात सोडवून चिकटवलेल्या डेकलच्या भोवती पारदर्शक फिल्मची कड चमकते, रोबो दिव्याखाली तिरपा धरला की ती लगेच कळते. १९८५ पासून आलेलं, बोटाने घासल्यावर उबेने रंग बदलणारं चौकोनी चिन्हही हल्ली नकली मिळतं, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नये.

नक्कल, म्हणजे ज्याला सगळे केओ (नॉकऑफ) म्हणतात, हा वेगळा प्रकार आहे. कोणी खऱ्या रोबोवरूनच नवा साचा घेतो. एबीएस थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं आणि मूळ साच्यात ही घट आधीच धरलेली असते. तयार रोबोवरून साचा घेताना ती भरून काढली नाही, तर ५५ मिलिमीटरचा रोबो साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटरने लहान येतो. डोळ्याला हे दिसत नाही, पण नागदेवी स्ट्रीटला मिळणाऱ्या साध्या डिजिटल व्हर्नियर कॅलिपरला दिसतं. ग्रुपमधल्या कोणाच्या तरी खात्रीच्या रोबोची छातीची रुंदी, पायाची लांबी आणि एका खुंटीचा व्यास मोजून ठेवा आणि त्याच तीन जागा नव्याच्या मोजा. एकच माप घेऊ नका, कारण मुद्दाम मोठ्या आकारात काढलेल्या नकलाही आहेत आणि एखाद्या भागात माप योगायोगाने जुळू शकतं.

अंगावर कोरलेल्या सालाने पुष्कळ जण फसतात. ते साल साच्याच्या हक्काचं असतं. '१९८३' किंवा '१९८४' कोरलेलं असलं म्हणून रोबो तेव्हा बनला असं होत नाही, रीइश्यूवरही तेच साल राहू शकतं. निर्मितीचा देश जास्त उपयोगी पडतो. जुने छोटे रोबो जपान, मकाव, तैवान इथले असत, अलीकडच्या रीइश्यूवर चीन किंवा व्हिएतनाम दिसतं. खोक्यावर 'टाकारा टोमी' लिहिलेलं असेल तर तो माल २००६ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण टाकारा आणि टोमी या दोन कंपन्या त्या वर्षी एक झाल्या. २०१८ मध्ये हॅस्ब्रोने अमेरिकेत जुन्यासारख्याच वेष्टनात रीइश्यू काढले, ते उघडून, वेष्टन फेकून, सुटे रोबो 'मूळचे १९८४ चे' म्हणून विकले जातात.

कार्ड आणि त्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बुडबुड्यासकट मिळाला म्हणजे खरा, असंही नाही. भिंगाखाली कार्डावरची बारीक काळी अक्षरं बघा. मूळ छपाईत काळं अक्षर भरीव असतं. जुनं कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं की तेच अक्षर ठिपक्यांचं बनतं आणि कडा धूसर होतात. मुंबईच्या पावसाळ्यात तीस वर्षं राहिलेलं कार्ड थोडं तरी वाकतं, कडेला फुगतं. काहीच झालं नसेल तर ते कुठे आणि कसं ठेवलं होतं हे विचारायला हवं. पांढरं प्लास्टिक अतिशुभ्र असेल तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हात उजळवलेलं असू शकतं. तो गुन्हा नाही, पण सांगून विकायला हवं.

दुसरे ९,००० रुपये गेले ते सेटपायी. 'नव्या रंगातले सहा, जपानहून, दोनच शिल्लक.' सोबत आलेल्या फोटोत कपाट होतं आणि विक्रेता म्हणत होता की बोरिवलीच्या घरातलं. फोटोच्या कोपऱ्यात भिंतीवर प्लगची जागा होती, दोन चपट्या उभ्या फटी असलेली. आपल्याकडे गोल भोकं असतात. फोटो परदेशातल्या कोणाचा तरी उचललेला होता. विक्रेत्याकडे माल आहे का हे पाहायचं असेल तर त्या दिवशीची तारीख आणि तुमचं नाव हाताने लिहिलेला कागद, त्यावर रोबो, आणि तुम्ही सांगाल तशी पोझ, उदाहरणार्थ डावा हात अर्धा दुमडलेला, असा फोटो मागा. दहा मिनिटांत येतो किंवा येत नाही.

मग ट्रॅकिंग नंबर आला, 'ईएमएसने पाठवलंय' या शब्दांसह : सीपी २१५८०३६५७ जेपी. तो साइटवर दिसत नव्हता. 'जपानची सुट्टी आहे, चार दिवसांनी दिसेल,' असं उत्तर मिळालं. इथे दोन चुका होत्या. ईएमएसचा, म्हणजे टपालाच्या आंतरराष्ट्रीय जलद सेवेचा, नंबर ई या अक्षराने सुरू होतो, सी साध्या पार्सलला असतं. दुसरी चूक गणिताची. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नंबरात दोन अक्षरं, नऊ आकडे आणि देशाची दोन अक्षरं असतात आणि नववा आकडा पहिल्या आठांवरून काढलेला असतो. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर आकडा ०, ११ आलं तर ५. इथे १६, ६, २०, १६, ०, १५, ५४, ३५ मिळून १६२. बाकी ८. ११ वजा ८ म्हणजे ३. नंबर ३ ने संपायला हवा होता, ७ ने संपत होता. असा नंबर कोणत्याही टपाल खात्याने दिलेला असू शकत नाही. कागद-पेन्सिलीने दोन मिनिटांचं हे काम त्या दिवशी केलं असतं तर पुढचे ४,६०० वाचले असते. (आकडा जुळला म्हणजे पार्सल खरंच निघालं असं मात्र नाही, दुसऱ्याच्या पार्सलचा नंबरही देतात.)

ते ४,६०० 'कस्टममध्ये अडकलंय' म्हणून मागितले गेले. हे खोटं पटतं कारण त्याला खऱ्याचा आधार आहे. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती आहे, पार्सलं अडकतात हेही खरं. पण टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात ठरतं आणि ते पार्सल घेणारा, पार्सल हाती येताना, पोस्टाला पावतीसकट देतो. कुरिअर असेल तर कंपनीचं बिल येतं. शुल्काचे पैसे विक्रेत्याच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले गेले, तर काहीही सांगितलं तरी देऊ नका.

समोरासमोर घेताना पुलावर, इंडिकेटरखाली उभ्याने घेऊ नका. उडप्याच्या हॉटेलात दिव्याखालचं टेबल आणि पंधरा मिनिटं मागा. रोबो पूर्ण उलगडून, परत घडी घालून बघा, मग पैसे द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, तो टाकायला सांगितला की पैसे तुमचेच जाणार.

त्या मुलाने एकोणीस दिवस वाट पाहिली आणि मग तक्रार केली. त्यामुळे आधीचे पैसे खात्यातून निघून गेले होते. आदल्या दिवशी भरलेले ४,६०० तेवढे बँकेने रोखले. शंका आली त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. हाताशी हवं ते एवढंच : प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, तारीख-वेळ, चॅट एक्स्पोर्ट करून घेतलेली पूर्ण फाइल. चॅट डिलीट करू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. ज्या मोबाइलवर ते सगळं आहे तो बदलायचा असेल तर थांबा. पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६ड लागू होतं. 'खेळण्यासाठी कशाला तक्रार' असं कोणी म्हटलं तरी लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

त्या माणसाने नाव आणि नंबर बदलला आहे. सेटचा तोच फोटो, प्लगचा कोपरा कापून, पुन्हा फिरतो आहे. त्यात डावीकडून तिसऱ्या निळ्या रोबोच्या उजव्या खांद्यावर पांढरा ओरखडा आहे. तो दिसला तर पैसे पाठवू नका, ग्रुपवर लगेच कळवा.