मॅकबेथ : सटीप आवृत्तीविषयी अभिप्राय

शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ मूळ इंग्रजीतून वाचू इच्छिणाऱ्यांनी ही सटीप आवृत्ती जरूर घ्यावी. डाव्या पानावर टीपा आणि उजव्या पानावर संहिता असल्याने वाचनाची लय तुटत नाही. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश तर पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. राजा डंकन आपला पाहुणा आहे, आप्त आहे, म्हणून मॅकबेथ खुनाचा बेत सोडू पाहतो, आणि तेव्हाच त्याची पत्नी आधी त्याच्या प्रेमावर, मग धाडसावर आणि शेवटी पुरुषार्थावरच शंका घेते. शब्द पाळण्यासाठी आपण अंगावर पिणारे मूलही आपटून मारले असते, असे ती म्हणते, तेव्हा अंगावर काटा येतो. लगोलग ती पहारेकऱ्यांना मद्य पाजण्याची व्यवहारी योजना मांडते आणि नवरा पुरता वश होतो. माझ्या मते तिची खरी ताकद या घाईत आहे, कारण विचाराला ती उसंतच देत नाही. मात्र झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच हे काम उरकले असते, या तिच्या दुसऱ्या अंकातील कबुलीवर टीपाकारांनी एकच ओळ खर्च केली आहे, ही उणीव फार खटकते. टीपांचा टाइप बारीक असला, तरी छपाई स्वच्छ आणि बांधणी मजबूत आहे.