सोलरच्या टाकीत हीटर बसवून देणाऱ्यापासून सावध राहा

इंदिरानगरला आई-बाबांच्या रो हाऊसवर 200 लिटरचा नळ्यांचा सोलर आहे. ऊन असलं की पाणी उकळतं निघतं. पण नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि त्यात लागोपाठ दोन दिवस आभाळ आलं की नळाला जेमतेम कोमट पाणी येतं. नेमक्या अशाच हवेत ही माणसं कॉलनीत फिरतात.

बाबांकडे आलेल्या माणसाने सोलर कंपनीचं नाव घेतलं, गळ्यात ओळखपत्र होतं. "काका, तुमची वार्षिक सर्व्हिस बाकी दिसतेय, फ्री आहे," म्हणाला. वर गच्चीवर जाऊन त्याने टाकीचा ड्रेन उघडला. तळाचं गढूळ, मातकट पाणी बादलीत धरलं आणि आईला दाखवलं. "काकू, टाकी आतून सडायला लागली बघा. हे पाणी अंगावर घेताय तुम्ही." वर्षभर ड्रेन न उघडलेल्या कुठल्याही टाकीतून असाच गाळ निघतो, बोअरचं पाणी असेल तर जास्तच. पण सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना घाबरवायला ती एक बादली पुरली.

मग त्याने टाकी "साफ" केली आणि बॅकअप हीटरचं काढलं. दोन हजार वॅटचा, आयएसआय, थर्मोस्टॅटसकट, दोन वर्षांची वॉरंटी, अर्ध्या तासात पूर्ण टाकी गरम. 7,500 रुपये. पैसे यूपीआयने घेतले, ते कुणा भलत्याच व्यक्तीच्या नावावर गेले. पावती छापील होती, पण जीएसटी क्रमांक नाही, पत्ता अर्धवट.

अर्ध्या तासाचं आधी सांगते, कारण त्याचा खोटेपणा तिथेच पकडता येतो. दोन हजार वॅटचा हीटर अर्ध्या तासात एक युनिट वीज घेतो. एका युनिटमध्ये 200 लिटर पाणी जेमतेम सव्वाचार अंशांनी तापतं. 20 अंशांचं पाणी 60 पर्यंत न्यायला नऊ-साडेनऊ युनिट आणि साडेचार तासांच्या वर वेळ लागतो. कुठल्याही कंपनीचा दोन हजार वॅटचा हीटर आणला तरी हे बदलत नाही. जो अर्ध्या तासाचं सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा.

काही दिवसांनी आईने फोन केला, गच्चीवरच्या पाइपला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून. मी हीटरचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडायला सांगितला आणि आमच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनना घेऊन गेले. त्यांनी हीटरची काळी टोपी उघडली आणि मला जवळ बोलावलं. थर्मोस्टॅटची चकती होती, तिच्यावर 30 ते 75 आकडेही होते, पण तिच्या दोन्ही टर्मिनलचे स्क्रू कोरे, चकचकीत. एकही वायर तिथे कधी लागलीच नव्हती. फेज थेट एलिमेंटला जोडलेला. म्हणजे आई तापमानाची चकती फिरवत होती ती नुसती हवेत. हिरवी अर्थिंगची वायर तर कापून, काळी टेप गुंडाळून आत दडपली होती. एलिमेंटमधून गळणारा करंट टाकीच्या पाण्यात आणि पाइपात उतरत होता. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नव्हता, तो असता तर 30 मिलिअँपिअर गळतीवरच वीज तुटली असती.

थर्मोस्टॅट नाही म्हणजे पाणी उकळलं तरी हीटर थांबणार नाही. व्हेंट पाइप मोकळा होता म्हणून वाफ निघून गेली. क्षाराने तो बुजला असता तर काय झालं असतं, हे वायरमननी सांगितलं तेव्हा बाबा खाली बसले. हे मी नुसतं 7,500 रुपयांसाठी लिहीत नाहीये. त्या माणसाने माझ्या आईच्या अंघोळीच्या पाण्यात करंट सोडला होता आणि ओळखपत्र घालून, हसून चहा पिऊन गेला होता.

आयएसआयचं स्टिकर नीट पाहिलं तर नुसतं चिन्हच होतं. खऱ्या चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादक कोण आणि परवाना चालू आहे का, ते लगेच दिसतं. बादलीतल्या साध्या रॉडलाही हे लागू आहे, त्याच्यावर आयएस 368 शोधा.

सोलर कंपनीने आमचा कुणी माणूस पाठवलाच नव्हता असं सांगितलं. त्या माणसाचा फोन बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पोलीस ठाण्यात यूपीआयची नोंद आणि टोपी उघडी असतानाचे फोटो दिले आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. विक्रेत्याचा पत्ता लागला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे पावती, फोटो काही फेकू नका.

वायरमननी तो हीटर काढून तोंड बंद केलं, डीबीत, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, आरसीसीबी बसवला. नवीन हीटर सोलर कंपनीच्या माणसाकडूनच घेऊ, तोही टाकीत त्यासाठी दिलेल्या तोंडालाच.

बाबांनी शेजारी चौकशी केली तेव्हा त्याच गल्लीत आणखी दोन घरांत हाच माणूस जाऊन आल्याचं कळलं. त्यातल्या एका घरातली टोपी उघडली, तिथेही अर्थिंग कापलेलं. दुसरं घर सध्या बंद आहे, मालकांना फोन करून एमसीबी पाडूनच ठेवायला सांगितलं आहे. तुमच्याकडे या थंडीत दारावर आलेल्या कुणी असा हीटर बसवला असेल, तर आधी त्याचा एमसीबी पाडा आणि वायरमनकडून टोपी उघडून बघितल्याशिवाय चालू करू नका.