पाच वर्षं वापरलेल्या फोनचा रिव्ह्यू, नवीन बॅटरीसकट

नव्या फोनचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, तेही आठवडाभर वापरून, म्हणून म्हटलं आपण पाच वर्षं घासलेल्याचा टाकू. मिड रेंजचा अँड्रॉइड, ६ जीबी रॅम, कव्हर तिसरं चालूये, स्क्रीन गार्ड मोजणं कधीच सोडलंय.

आधी मी दर दोन वर्षांनी फोन बदलायचो. कारण विचाराल तर काही नाही, नवीन मॉडेल आलं की हातातला आपोआप स्लो वाटायला लागायचा. या फोनचंही चौथ्या वर्षी तेच सुरू झालं, दुपारीच चार्जर शोधायची वेळ, कॅमेरा उघडेपर्यंत पोरगं फ्रेममधनं पसार आणि २० टक्के दाखवत असताना फोन धाडकन बंद. नवा घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण बायको म्हणाली आधी बॅटरी तरी बदलून बघ (ती स्वतः सहा वर्षं एकच फोन वापरतेय, त्यामुळे पुढे बोलायची सोय नाही).

पहिल्यांदा कंजूषपणा नडला. स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी बसवली ती दोन महिन्यांत फुगली, मागचं पॅनल उचललं गेलं तेव्हा कळलं. असं काही दिसलं तर चार्जिंग लगेच बंद करा आणि दाबून बसवायच्या फंदात पडू नका, आग लागू शकते. मग गपगुमान ओरिजिनल टाकून घेतली आणि खरं सांगतो, निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या. बॅटरी झिजणारच हो, टायर झिजतात तशी, ॲपलच आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलसाठी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहील असं धरून चालतं आणि १५ पासून तोच आकडा १००० केलाय. सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, आज साठ उद्या चाळीस असं केलं तरी एकच. जुनी बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही म्हणून फोन असा मधेच मान टाकतो, आणि ते टाळायला आपण जुन्या आयफोनचा स्पीड कमी करतो हे ॲपलने २०१७ मध्ये कबूलही केलं होतं. म्हणजे ज्याला आपण फोन म्हातारा झाला म्हणतो ती बऱ्याचदा नुसती बॅटरी असते.

पण एक गोष्ट बॅटरी बदलून सुटत नाही, अपडेट. माझ्या फोनचा शेवटचा सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारं अपडेट) येऊन आता वर्ष होत आलं आणि बँकेचं ॲप त्यावर चालवायला मला भीती वाटते. कॅमेरा, स्क्रीन, रॅम सगळं अजून पुरतंय, तरी बदलणार तो फक्त यासाठी.

पुढचा घेताना मेगापिक्सेल नाही, अपडेटची वर्षं आधी बघणार. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचा शब्द दिलाय, पण पिक्सेलची सात वर्षं आपण घेतल्यापासून नाही, फोन बाजारात आल्यापासून मोजतात, त्यामुळे सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल उचललं तर उरली पाचच.

फोनला चार स्टार, डुप्लिकेट बॅटरीला शून्य. एक स्टार कंपनीने पॅच बंद केले म्हणून कापला, नाहीतर अजून दोन वर्षं ओढला असता.